न्यामाटाला जाशील तेव्हा

पंचवटी, नाशिक

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

रवांडाच्या राजधानीतलं, किगालीतलं काम आटोपलं की न्यामाटाच्या चर्चमध्ये, १९९४च्या नरसंहाराच्या स्मारकात, जाऊन येणार म्हणालीस. जरूर जा. फक्त कवट्या बघायला म्हणून जाऊ नकोस. कुणाकडे माणूस गेलं की आपण भेटायला जातो, गप्प बसतो, त्यांचं ऐकून घेतो. तसंच जा.

रामकुंडाच्या गावात वाढलीस तू. अस्थी म्हटलं की अस्थिविलय कुंड, गुरुजी, आणि मग गेलेला मोकळा झाला, ही आपली समजूत. फळ्यांवर ओळीने मांडलेल्या कवट्या पाहिल्यावर तुझ्या मनात पहिलं हेच येईल की यांना अजून अडकवून का ठेवलंय? तिथेही हा वाद आहे. काही घरांना आपली माणसं रीतसर पुरायची आहेत. काही म्हणतात, असं काही घडलंच नाही म्हणणारे अजून आहेत, तोवर हाडं दिसू देत. माझा कल पुरण्याकडे. पण नाशिकमध्ये बसून ते ठरवणारा मी कोण?

एप्रिल १९९४ पासून सुमारे १०० दिवसांत आठ लाखांहून जास्त माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची; मारणारे हुतू जमातीतले कट्टर लोक. आधीच्या दंगलींत चर्चमध्ये जीव वाचले होते, म्हणून या वेळीही लोक तिकडेच धावले. पत्र्याच्या छपराला भोकं दिसतील, त्यांच्याखाली बाकांवर मेलेल्यांचे कपडे. तिथे जरा थांब. कवट्या सारख्याच दिसतात गं. लहान मुलाचा सदरा दिसला की वय कळतं.

ओळखपत्रंही बघ. हुतू की तुत्सी हे कार्डावर लिहायची पद्धत बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात आणली. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच कार्डं तपासून माणसं बाजूला काढली. मला हाडांपेक्षा या कारकुनीची जास्त भीती वाटते.

आत फोटो काढायचे नाहीत. माहिती देणारे पुष्कळदा स्वतः त्यातून वाचलेले असतात. तुमच्या घरचं कोण गेलं, असं विचारू नकोस. सांगायचं असेल तर ते सांगतील. आणि तू हुतू की तुत्सी, हे तर त्या देशात कुणालाच विचारू नकोस. रडू आलं नाही तरी स्वतःला दगड समजू नकोस. परतल्यावर डोक्यावरून अंघोळ करावीशी वाटली तर खुशाल कर.

आधी किगालीतलं गिसोझीचं स्मारक बघ. अडीच लाख माणसं तिथे पुरली आहेत आणि इतिहासही नीट मांडलाय. मग न्यामाटा. मुरांबीला अर्धवट बांधलेल्या शाळेत चुन्यात राखलेले देह आहेत, आकारासकट. पहिल्या खेपेला ते राहू दे. न्यामाटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग मात्र घेऊ नकोस; साहेबांना आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
सर