नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डॉक्टरांना परदेशी तज्ज्ञांकडून ऑनलाइन सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) शिकता येईल का?

येईल, पण नुसत्या वेबिनारने नाही. ‘एको’ पद्धत वापरा. डॉ. संजीव अरोरा यांनी ती २००३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस-सी साठी सुरू केली. त्यात पेशंट तज्ज्ञाकडे जात नाही, स्थानिक डॉक्टरच तज्ज्ञांसमोर केस मांडून शिकतो.

तासाभराच्या सत्रात व्याख्यान १५ मिनिटं, बाकी वेळ केसला. गाडी घसरते ती इथेच: स्लाइड संपत नाहीत आणि केस उरकली जाते. सूत्रधार कडक हवा.

केसचा एकपानी फॉर्म आदल्या दिवशी पाठवा. नाव-गाव नको; हवं ते वय, वजन, हिमोग्लोबिन, वर्षभरातले वेदनेचे झटके, रक्त किती वेळा चढवलं, हायड्रॉक्सीयुरिया (झटके कमी करणारं औषध) याचा डोस. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट हवाच. सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची झटपट प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे त्यातून कळत नाही, आणि मग सगळी चर्चा हवेत.

तिकडचे तज्ज्ञ २ ते १६ वयाच्या मुलांना दरवर्षी मेंदूचा डॉपलर (मेंदूतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) सांगतील. सातपुड्यात तो कुठून आणणार? म्हणून नागपूर किंवा मुंबईचा एक रक्तविकारतज्ज्ञ पॅनेलवर ठेवाच. औषधाचा अंतिम निर्णय इथल्या डॉक्टरचा.

रेंज गेली की कॅमेरा बंद, आवाज चालू. तेही जमलं नाही तर साधा फोन. वेळ ठरवताना सांभाळा: तज्ज्ञ न्यू मेक्सिकोतले असतील, तर ते हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, उन्हाळ्यात साडेअकरा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ बदललं की निम्मे लोक तासभर आधी किंवा उशिरा हजर!