बायोमार्करला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : ‘डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, अभ्यासात रक्तातले बायोमार्कर (शरीरात काय बदल होतोय ते सांगणारे, मोजता येणारे पदार्थ) तपासतात. त्यांना मराठीत जैवसूचक म्हणावं, दर्शक म्हणावं, की सरळ लक्षण?’

लक्षण नकोच. लक्षण माणसाला जाणवतं किंवा घरच्यांच्या नजरेत येतं : तोच प्रश्न पुन्हा विचारणं, पायाखालची वाट चुकणं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला लागतं ते असं काही दिसायच्या दहा-पंधरा वर्षं आधीच. म्हणजे बायोमार्कर सापडला तरी लक्षणाचा पत्ताही नसेल. दोघांना एकच शब्द दिला, तर ज्या फरकासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तोच पुसला जाईल. आयुर्वेदातलं ‘पूर्वरूप’ही मनात आलं होतं, पण तेही रोग्यात दिसणारंच.

‘दर्शक’ रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिटमसने अडवून ठेवलाय. ‘जैवसूचक’ चूक नाही, फक्त तो वाचला की मला प्रदूषणाची वर्दी देणारे जीव आठवतात.

मला विचाराल तर ‘खूण’. जखम भरते, खूण राहते. रक्तात तपासतात तेही असंच काहीतरी मागे राहिलेलं. मेंदूतल्या चेतापेशींची मोडतोड झाली की त्यांच्या सांगाड्यातलं न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन थोडंथोडं रक्तात उतरतं. ही मोडतोडीची खूण. मोडतोड कशाने झाली, डोक्याला मार लागून, पक्षाघाताने की आणखी कशाने, हे ती सांगत नाही. अल्झायमरची त्याहून नेमकी खूण म्हणजे पी-टाऊ 217. हा आकडा म्हणजे रक्तातली पातळी, असा समज सहज होतो. तसं नाही. टाऊ हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि तिच्या 217व्या मण्याला फॉस्फेट चिकटलंय, एवढंच ते नाव सांगतं. माळेतल्या एका मण्यावरची खूण! हा शब्द इथे किती चपखल बसतो पाहा.

परिभाषेत हवा तर ‘जैवखूण’ करा, अनेकवचन ‘जैवखुणा’. संस्कृतला देशी शब्द जोडलेला कुणाला खटकेल, मला नाही खटकत. शुद्ध संस्कृत ‘जैवचिन्हक’ केला, तर त्याचं ‘जैवचिन्हकांच्या’ हे रूप एकदा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे कारण कळेल. एरवीच्या लिखाणात ‘रक्तातल्या खुणा’ पुरे.

एक आग्रह मात्र धरतो. ‘रक्ततपासणीतून स्मृतिभ्रंशाचं निदान’ असं लिहू नका. स्मृतिभ्रंश हे अनेक कारणांनी येणाऱ्या अवस्थेचं नाव आहे, अल्झायमर हे त्यातलं एक कारण. अमेरिकेत मे 2025 मध्ये मान्यता मिळालेली अल्झायमरची पहिली रक्तचाचणीसुद्धा स्मृतीची तक्रार आधीच असलेल्या, 55 वर्षांच्या आणि त्यापुढच्या लोकांसाठी आहे, आणि तीही इतर तपासण्यांच्या जोडीनेच वापरायची आहे. तेव्हा वाक्य असं करा : ‘रक्तात अल्झायमरच्या खुणा आढळल्या, निदानासाठी पुढच्या तपासण्या चालू आहेत.’