सोलापुरात राहून जुनी लेक्सस एनएक्स ३००एच, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हीवर चालणारी हायब्रिड गाडी, घ्यावी का?

गाडी रोज चालणार असेल तर जरूर घ्या. महिनोन्‌महिने दारात उभी राहणार असेल तर मात्र नको.

हायब्रिड बॅटरीची धास्ती सगळ्यांनाच असते, पण तिचा खरा शत्रू उष्णता आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. ही बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि केबिनमधली हवा ओढून थंड राहते. त्या हवेची जाळी सीटजवळच आहे. अक्कलकोट रोडची धूळ तिथे साचली की बॅटरी तापते, आयुष्य घटतं. म्हणून जाळी नियमित साफ करून घ्या, तिच्यासमोर पिशव्या-चादरी कोंबू नका आणि गाडी सावलीत लावा. मुलं मागे बसत असतील तर एसी चालू ठेवाच, त्यात बॅटरीचंही भलं आहे.

घेण्याआधी बॅटरीची तपासणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करा. त्यासाठी पुण्याला, म्हणजे अडीचशे किलोमीटर, जावं लागलं तरी जा. सर्व्हिसची जुनी नोंद नसेल तर सौदा सोडा. इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्राचा) कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, वेगळा असतो, तो कधी बदलला तेही विचारा.

गाडी नुसती उभी राहून साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरली तरी ती सुरू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. टायर, ऑइल इथे होईल. हायब्रिड बॅटरीची जास्त दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलला मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका, जिवावर बेतेल.

ब्रेक पॅड बरेच टिकतात. पेट्रोलची बचत शहरात जास्त दिसते, पुणे हायवेवर कमी.