तीन पिढ्या, तीन समाजवाद

न्यू जर्सीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्यात मराठी मंडळाच्या वर्गणीच्या वादाचंही विचारलंय, पण खरं दुखणं एकच: "सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. जुने राष्ट्र सेवा दलवाले, समाजवादी. नवरा म्हणतो, समाजवादानंच देश मागे राहिला. मुलगी कॉलेजात आहे, अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्सची भक्त, स्वतःला सोशलिस्ट म्हणवते. रोज जेवताना खडाजंगी. मी आपली पोळ्या आणायला उठते."

अहो, उठता कशाला? बसा की तिथेच! मुलांना आपण उकडीचे मोदक शिकवतो, शिवजयंतीला फेटे बांधतो, पण आजोबा कुठल्या मोर्चात होते हे कोणी सांगत नाही. हे माझं तुणतुणं जुनंच आहे, आज पुन्हा ऐका.

तुमच्या सासऱ्यांचा समाजवाद म्हणजे एसेम जोशी, नानासाहेब गोरे, 1947 साली पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून उपोषणाला बसलेले साने गुरुजी. मृणालताई गोरे यांच्या महागाईविरोधी मोर्चात माझ्या आतेसासूबाई गोरेगावहून लाटणं घेऊन गेल्या होत्या; ते लाटणं पुढे कितीतरी वर्षं पोळ्यांनाच वापरलं. 1977 साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम चढवायला सुरुवात झाली. आमचे सासरे त्या बाकावर हात दाबून म्हणायचे, "हा बघ समाजवाद. दोन इंच."

नवराही खोटं बोलत नाही. माझ्या वडिलांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा मी शाळेत होते, स्कूटर दारात आली तेव्हा कॉलेजात. पण उत्पादनावरचे ते सरकारी परवाने, ते कोटे कोणाचे? 1955 साली मद्रासजवळच्या आवडी गावी 'समाजवादी धर्तीच्या समाजरचने'चा ठराव केला तो काँग्रेसनं. तुमच्या सासऱ्यांची मंडळी तेव्हा विरोधी बाकांवर. 1976 साली राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' शब्द आला, तेव्हा तर आणीबाणी होती आणि मधू लिमये, दंडवते हे समाजवादीच तुरुंगात होते! आता काय म्हणायचं?

आणि नवऱ्याला मिनू मसानींचं नाव सांगा. 1934 च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना ज्या तरुणांनी नाशिकच्या तुरुंगात रंगवली, त्यांत जयप्रकाश नारायण आणि अच्युतराव पटवर्धनांच्या बरोबरीनं मसानीही होते. तेच पुढे राजाजींबरोबर (चक्रवर्ती राजगोपालाचारी) खुल्या बाजाराच्या बाजूच्या स्वतंत्र पक्षात गेले आणि परवाना राजवर तुटून पडले. म्हणजे बापलेकांचं हे भांडण त्याच बराकीतून निघालंय.

मुलीला दवाखान्याचं बिल आणि कॉलेजची फी दिसते, तेही बरोबर. पण ती उठल्यासुटल्या डेन्मार्कचं नाव घेत असेल, तर तिला सांगा की 2015 साली खुद्द डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी हार्वर्डला येऊन सांगितलं होतं, आमची बाजारपेठेची अर्थव्यवस्था आहे. कर भरपूर, सोयी भरपूर, दुकानं मात्र खाजगी. तिच्या बाबांनाही एक विचारा: 'स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला' म्हणून घर घेतलंत ना? त्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधून शेजाऱ्यांची पोरंही शिकतात. त्याला ते काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

आता कामाचं बोलू. शनिवारी लेकीला फोनवर रेकॉर्डिंग लावून आजोबांसमोर बसवा. तिनं एवढंच विचारायचं: "आजोबा, तुमचे लोक सारखे फुटत का होते?" 1952 चा प्रजा समाजवादी पक्ष, 1955 मध्ये त्यातून राममनोहर लोहियांची हकालपट्टी, 1964 चा संयुक्त समाजवादी पक्ष, मग पुन्हा फूट... परतीच्या तिकिटापर्यंत पुरेल. माझ्या लेकानं त्याच्या आजोबांना हेच विचारलं होतं. दोन दिवस घरात टीव्ही लागला नाही. नवऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. त्याची परवाने-कोट्यांची तक्रार पुढच्या शनिवारी.

मंडळाच्या वर्गणीचा वाद खजिनदारांवर सोडा, तुम्ही त्यात पडू नका. आणि सासऱ्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुन्या दुखण्यांचं कलम वाचलंत का? पत्रात त्यांच्या बीपीचा उल्लेख आहे, पॉलिसीचं मात्र नावही नाही. ते आजच बघा, शनिवारची वाट बघू नका.