नव्या रिव्हॉल्व्हरमधील नेहमीची झीज कोणती आणि दोष कोणता

आपण लिहिले आहे की, नवे पॉइंट ३२ बोअरचे, मधोमध उघडणारे रिव्हॉल्व्हर घेतल्यानंतर काडतुसे बसतात त्या फिरत्या चक्राच्या पुढच्या तोंडावर काळी वर्तुळे दिसली, चक्राभोवती एक चकचकीत रेघ उमटली आणि सहांपैकी एखाददुसरे काडतूस चाप दाबूनही उडत नाही. विक्रेता मात्र तिन्ही गोष्टींना "नवीन आहे, वापराने बसेल" हे एकच उत्तर देतो. हेच वाक्य मला पूर्वी दीर्घकाळ ऐकवले गेले असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे. मी परवानाधारक आहे, शस्त्रकारागीर नाही. म्हणून पुढील मजकूर कोणत्या मुद्द्यावर आग्रह धरावा हे ठरवण्यापुरताच वापरावा. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

पहिल्या दोन गोष्टींची काळजी सोडून द्या. कारखान्यातून निघण्यापूर्वी प्रत्येक शस्त्राची गोळी झाडून चाचणी होते, त्यामुळे नव्या चक्राच्या तोंडावर काजळीची वर्तुळे असतातच. ती घासून काढण्याच्या नादात मुलामा घालवणारे लोक मी पाहिले आहेत. चक्राभोवतीची रेघ त्याला थांबवणाऱ्या खटक्याच्या घर्षणाने उमटते आणि ती बारीक, गुळगुळीत असेल तर केवळ दिसण्यापुरती आहे. मात्र हा खटका ज्यांत अडकतो त्या चक्रावरील खाचांच्या कडा बोथट होऊन धातू बाहेर सरकलेला दिसला, तर तो वेगळा विषय आहे. घोडा (चाप दाबल्यावर मागून आपटणारा भाग) खाली असताना चक्रात थोडी गोलाकार हालचाल असणे हादेखील दोष नव्हे. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, डमी (दारू नसलेली नकली) काडतुसे घालून, चाप पूर्ण दाबून धरल्यावर ती हालचाल जवळजवळ नाहीशी झाली पाहिजे. नळी आणि चक्र यांच्यातील फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते; मोटार मेकॅनिककडे मिळणाऱ्या फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) ती मोजता येते.

काडतूस न उडणे ही गोष्ट मात्र मी कधीही "बसेल" म्हणून सोडणार नाही. कारणे तीन-चारच असतात. काडतुसे जुनी किंवा तेलाने भिजलेली असतील, घोड्याची स्प्रिंग कमजोर असेल, ठोकणी (काडतुसावर घाव घालणारी टोकदार पिन) आखूड असेल, किंवा नळी आणि मूठ जोडणारा वरचा खटका सैल असेल. मधोमध उघडणाऱ्या रचनेत नळी व चक्र खालच्या बिजागरीवर झुकतात आणि संपूर्ण मजबुती त्या वरच्या खटक्यावर अवलंबून असते. खटका सैल असेल तर बंद केलेल्या शस्त्रातही चक्र मागच्या भिंतीपासून किंचित पुढे राहते, काडतुसाला मागून आधार मिळत नाही आणि ठोकणीचा घाव उथळ बसतो. परीक्षा सोपी आहे. रिकामे शस्त्र बंद करून एका हातात मूठ घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने नळी वर-खाली हलवावी. नव्या शस्त्रात बोटांना जाणवेल अशी हालचाल असता कामा नये. न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवरील (घाव बसताच पेटणाऱ्या मागच्या बिंदूवरील) खळगा उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवरील खळग्याशी ताडून पाहावा; तो स्पष्टपणे उथळ असेल तर दोष काडतुसात नसून शस्त्रात असण्याची शक्यता जास्त आहे.

येथे सुरक्षिततेची एक गोष्ट, जी विक्रेते सांगत नाहीत. काडतूस उडाले नाही तर लगेच पुन्हा चाप दाबू नये. क्वचित टोपी उशिरा पेटते, आणि तेवढ्यात चक्र पुढच्या घरावर फिरले असेल तर गोळी नळीसमोर नसताना सुटते. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे आणि मगच शस्त्र उघडावे. हे सर्व परवानाप्राप्त चाचणी केंद्रातच करावे. शेतात किंवा गच्चीवर कधीही नाही.

माझ्या बाबतीत दोष हाच होता, वरच्या खटक्याचा, आणि तो मला पहिल्याच महिन्यात हाताला जाणवला होता. विक्रेत्याकडे नेले की तो दोन थेंब तेल सोडून परत देत असे. मी लेखी पोच मागितली तेव्हा "आम्ही तसे काही देत नाही" असे उत्तर मिळाले. हमीची मुदत उलटल्यावर तेच दुकान म्हणाले की, कारखान्याकडे पाठवायचे असेल तर मुदतीत केलेल्या तक्रारीचा कागद दाखवा. कारखाना परराज्यात, माझ्या परवान्याची हद्द महाराष्ट्रापुरती. म्हणून वाहतुकीच्या परवानगीसाठी संबंधित कार्यालयात अर्ज केला. तेथे एका टेबलावर सांगण्यात आले की विक्रेत्याचे पत्र आणा, आणि विक्रेता म्हणाला की कार्यालयाचे पत्र आणा. कोणता नियम आड येतो हे लेखी द्यावे, ही माझी साधी विनंतीही कोणी स्वीकारली नाही. जो नागरिक पोलीस पडताळणी पूर्ण करून, शुल्क भरून, प्रत्येक काडतुसाचा हिशेब देतो, त्याला सदोष शस्त्र दुरुस्त करण्याचा मार्ग विचारल्यावर संशयिताची वागणूक मिळावी, याचा मला आजही मनस्ताप होतो. अखेर स्वखर्चाने, परवानाधारक कारागिराकडून खटका बदलून घेतला आणि काडतुसे न उडण्याची तक्रार त्याच दिवशी संपली.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, तोंडी तक्रार करूच नये. आजच नोंदणीसह स्पीड पोस्टने विक्रेत्याला आणि उत्पादकाला पत्र पाठवा. त्यात शस्त्राचा क्रमांक, खरेदीची तारीख, काडतुसांच्या डब्यावरील लॉट क्रमांक, किती काडतुसे झाडली व किती उडाली नाहीत, फटीचे माप आणि टोप्यांची छायाचित्रे द्या. वाहतुकीचे नियम जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळ्या रीतीने लावले जातात असे दिसते. त्यामुळे शस्त्र घेऊन जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या परवाना शाखेचे लेखी उत्तर हाती असू द्या. गावातील लोहार किंवा लेथवाला कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे जाऊ नका. शस्त्रदुरुस्तीला स्वतंत्र परवाना लागतो.

देखभालीत बहुतेक लोक तेल कमी नव्हे, तर जास्त घालतात. खोबरेल तेल थंडीत गोठते आणि काही काळाने चिकट होऊन घोड्याची गती मंदावते. ते वापरू नये. शस्त्राचे पातळ तेल कापडाला लावून पुसावे आणि चक्राची घरे पूर्ण कोरडी करावीत, कारण तेल टोपीत झिरपले की चांगले काडतूसही निकामी होऊ शकते. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली न जळलेल्या दारूचे कण अडकले तर चक्र जड फिरते आणि नव्या मालकाला तो मोठा दोष वाटतो; कोरड्या टूथब्रशने ते निघतात. उघडताना पूर्ण आणि एका दमात उघडावे, नाहीतर पुंगळीची कड ताऱ्याखाली शिरून बसते. बंद करताना मात्र चित्रपटातल्यासारखा हाताचा झटका देऊ नये. त्या झटक्याने बिजागरी आणि तोच वरचा खटका झिजतो. दोन्ही हातांनी हळू बंद करावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवणे टाळा, कारण चामडे ओल धरते आणि मुलाम्याखाली गंज सुरू होतो.

काडतुसांबाबतही सावध राहा. पिस्तुलाचे आणि रिव्हॉल्व्हरचे, दोन्ही काडतुसे "पॉइंट ३२" म्हणूनच ओळखली जातात. पिस्तुलाचे काडतूस अनेक रिव्हॉल्व्हरांच्या चक्रात बसतेही, परंतु त्याचा कमाल दाब सुमारे २०,५०० पौंड प्रति चौरस इंच आहे, तर रिव्हॉल्व्हरच्या 'लाँग' नावाच्या काडतुसाचा १५,०००. ज्या रचनेची मजबुती एका खटक्यावर आहे तिच्यात तो प्रयोग करू नये. दुकानदाराने दिले म्हणून बरोबर असेल असे न मानता डब्यावरील पूर्ण नाव वाचून घ्यावे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची वेळ आली, तर पोचपावतीवर केवळ क्रमांक नव्हे तर शस्त्राची स्थितीही नोंदवण्याची विनंती करा आणि जमा करण्यापूर्वी खटक्याची व चक्राची छायाचित्रे काढून ठेवा. तक्रार प्रलंबित असताना ती छायाचित्रे नसतील, तर नंतर आढळलेला प्रत्येक दोष जमा काळातला किंवा मालकाच्या हाताळणीतला ठरवणे समोरच्याला सोपे जाते.