शेणखत टाकूनही सेंद्रिय कर्ब वाढत का नाही? तापत्या हवामानातील जमिनीच्या कर्बाविषयी शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न वरवर वेगळे दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे. पुढची तिन्ही उत्तरे त्यातील हिशेबावरच उभी असल्याने ते आधी वाचावे.

प्रश्न : माझी जमीन मध्यम काळी असून सोयाबीन आणि त्यावर हरभरा घेतो. सात वर्षांपासून दरवर्षी एकरी एक ट्रॉली शेणखत टाकतो, तरी मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब 0.38 टक्क्याच्या पुढे सरकत नाही. हे खत जाते कुठे? जंगले आणि जमीन आता पूर्वीइतका कर्ब धरून ठेवत नाहीत अशा बातम्या येत आहेत, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे, पण बातमी ऐकून वाटतो तेवढा थेट नाही. आधी शेताचा हिशेब मांडू आणि मग जगाचा.

एक एकर क्षेत्रातील वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात ढोबळमानाने 8 लाख किलो माती असते. तिच्यात 0.38 टक्के कर्ब म्हणजे सुमारे 3,000 किलो कर्ब झाला. हा कर्ब म्हणजे मुळे, पालापाचोळा आणि शेणखत कुजून उरलेला अंश. तो जमिनीतील सूक्ष्मजीवांचे अन्न असून ते तो खातात आणि त्याचा कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) करून हवेत सोडतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात या साठ्यातील साधारण दोन टक्के कर्ब दरवर्षी असा निघून जातो असे धरले, तर एकरी 60 किलो कर्ब आपण काहीही केले नाही तरी जातोच. आता जमा पाहू. अडीच टनांच्या एका ट्रॉलीतील पाणी आणि माती वजा केली तर त्यात 300 ते 350 किलो कर्ब असतो, आणि त्यातील बहुतेक भाग पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच कुजून जाऊन जेमतेम पाचवा हिस्सा जमिनीत टिकतो. म्हणजे जमा 60 ते 70 किलो आणि खर्च 60 किलो. आपले शेणखत वाया गेलेले नाही. ते दरवर्षीची तूट भरून काढत आहे आणि म्हणूनच आकडा जागच्या जागी उभा आहे. शेणखत बंद केले असते तर तो 0.38 वर राहिला नसता. अकोला येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून ज्वारी–गहू पीकपद्धतीवर चालू असलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगातही हेच दिसते : शिफारशीत रासायनिक खतांसोबत शेणखत मिळणाऱ्या वाफ्यांत कर्ब वाढला आणि काहीही न मिळणाऱ्या वाफ्यांत तो खालावला.

आता तापमानाचा भाग. ओल पुरेशी असेल तर तापमान 10 अंशांनी वाढल्यावर कुजण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, म्हणजे एका अंशाला तो साधारण सात टक्क्यांनी वाढतो. 60 किलोचे 64 किलो झाले तर एका वर्षात ते कोणाच्याही लक्षात येणार नाही. परंतु ही गळती दरवर्षीची आहे आणि पुरवठा मात्र तेवढाच आहे. उलट गोठ्यातील जनावरे कमी होत असल्याने तो घटतच चालला आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कितीही तापली तरी ती कोरडी असल्यामुळे कुजण्याचे काम जवळजवळ थांबलेले असते. खरी झीज होते ती उष्णता आणि ओल एकत्र आल्यावर : पावसाच्या उघडिपीत, उन्हाळी पिकाला पाणी देताना आणि सर्वांत ठळकपणे मृगाच्या पहिल्या सरीनंतर. महिनोन्महिने कोरड्या राहिलेल्या मातीवर पाणी पडताच सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि काही दिवस कर्बवायूचा लोंढा बाहेर पडतो. पहिल्या पावसानंतर उगवलेले तण खत घातल्यासारखे हिरवेगार दिसते, त्यामागे याच झपाट्यात मोकळे झालेले नत्र असते. पावसाळ्यात दीर्घ खंड पडून पुन्हा पाऊस येण्याचे प्रकार जितके वाढतील तितक्या वेळा ही उधळपट्टी होईल. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता, हे आपल्याला आठवत असेलच.

जगाच्या पातळीवर हेच गणित मोठ्या प्रमाणात चालू आहे. कोळसा, तेल आणि जंगलतोड यांतून माणूस जेवढा कर्बवायू हवेत सोडतो, त्यातील जवळपास निम्मा आजवर जमीन आणि समुद्र यांनी मिळून शोषून घेतला. हवेत राहिला तो उरलेला निम्मा. शास्त्रज्ञ या शोषून घेणाऱ्या कोठारांना कार्बन सिंक म्हणतात. आपण कणगी म्हणू. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरातच हवा आणि सर्व वनस्पती यांच्यातील एकत्रित कर्बापेक्षा अधिक कर्ब साठलेला आहे, त्यामुळे ही कणगी लहान नाही. मात्र उष्णता, दुष्काळ आणि वणवे वाढले की तीत भर पडण्याचा वेग मंदावतो आणि गळती वाढते. ब्राझीलमधील लुसियाना गाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 ते 2018 या काळात विमानातून हवेचे नमुने घेतले, तेव्हा ॲमेझॉनच्या आग्नेय भागातील जंगल, जिथे तोडही झाली आहे आणि कोरडा हंगामही तापला आहे, शोषून घेते त्याहून अधिक कर्ब बाहेर टाकत असल्याचे आढळले. समुद्राचेही तसेच आहे. सोड्याची बाटली तापली की वायू निसटतो, त्याप्रमाणे कोमट पाण्यात कर्बवायू कमी विरघळतो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार 2023 ते 2024 या एका वर्षात हवेतील कर्बवायू दशलक्ष भागांमागे 3.5 भागांनी वाढून 423.9 वर पोहोचला. 1957 मध्ये आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनची ही सर्वांत मोठी वार्षिक वाढ असून, त्या काळात जमीन आणि समुद्र यांनी कमी कर्ब शोषला हे तिचे एक कारण सांगितले जाते.

ॲमेझॉनसाठी आपण काही करू शकत नाही. स्वतःच्या एकरातील 3,000 किलोंसाठी करू शकतो. माझ्या मते भर घालण्याआधी गळती बुजवणे स्वस्त पडते, आणि आपल्या शेतात ती तीन ठिकाणी आहे. पहिली उकिरड्यावर. उघड्या उकिरड्यावर सहा-आठ महिने ऊन-पाऊस खाल्लेल्या शेणातील बराचसा कर्ब आणि नत्र शेतात पोहोचण्यापूर्वीच गेलेला असतो. खड्डा करून, ओल राखून आणि वरून मातीने किंवा पाल्याने झाकून कुजवलेले खत त्यापेक्षा निश्चितच सरस असते. त्याचप्रमाणे एप्रिलमध्ये शेतात खताचे ढीग टाकून ते जूनपर्यंत उन्हात तसेच ठेवण्याची जी पद्धत आहे ती सोडावी. पसरले त्याच दिवशी वखराची पाळी देऊन खत मातीत मिसळावे. दुसरी गळती नांगरटीची. प्रत्येक नांगरटीने मातीची ढेकळे फुटून त्यांच्या आत सुरक्षित असलेला कर्ब सूक्ष्मजीवांच्या तोंडी जातो. कीड आणि तणांसाठी उन्हाळी नांगरट उपयोगी आहे हे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो आणि ते खोटे नाही. पण ती दरवर्षी खोलवर करण्याची गरज नसून तीन वर्षांतून एकदा पुरेशी आहे. एरवी उथळ मशागतीवर भागवावे. सोयाबीन उपटून न काढता जमिनीलगत कापावे, म्हणजे मुळे जागीच राहतील. ज्यांची तयारी असेल त्यांनी रुंद वरंबा-सरीचे गादीवाफे कायम ठेवून त्यांवरच हरभरा टोकावा. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेले बिननांगरणीचे तंत्र याच तत्त्वावर उभे आहे. त्यात तणनाशकावरील भिस्त वाढते ही त्याची उणी बाजू आहे आणि तिचा विचार आधीच करावा. तिसरी गळती बांधावरून जाणाऱ्या गढूळ पाण्याची. त्या गाळात शेतातील सर्वाधिक कर्बाचा वरचा थर असतो, त्यामुळे उताराला आडवी पेरणी आणि बांधबंदिस्ती हे कर्बाचेच काम आहे.

भर घालण्यासाठी सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे. तुरीची मुळे खोल जातात आणि खालच्या थरात माती कमी तापत असल्याने तिथला कर्ब अधिक काळ टिकतो. शिवाय तिची पानगळ शेतातच पडते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला आच्छादनासाठी वापरावा. ताग किंवा धैंचा गाडल्याने पुढच्या पिकाला नत्र मिळते, परंतु हा कोवळा पाला काही आठवड्यांतच कुजून जातो, त्यामुळे केवळ हिरवळीच्या खताने कर्बाचा आकडा वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आकड्याविषयी आणखी एक गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शेताचा कर्ब एका वर्षात 0.44 वरून 0.56 झालेला पाहून मी गावसभेत त्या शेतकऱ्याचे कौतुक केले होते; पुढच्या वर्षी अहवाल 0.45 आला, तेव्हा लक्षात आले की मधला नमुना मी खत पसरल्यानंतर आणि उकिरड्याच्या बाजूने घेतला होता. नमुना दर वेळी रब्बी पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, त्याच शेतात अनेक ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेऊन सारख्याच खोलीवरून काढावा आणि बांध, झाड व उकिरडा यांपासून दूर राहावे. 0.38 आणि 0.42 यांतला फरक एका वर्षात वाढ म्हणून मोजू नये. तीन वर्षांनी पुन्हा तपासावे.

प्रश्न : हवेत कर्बवायू वाढला तर तो पिकाचे अन्नच आहे. मग उत्पादन वाढून जमिनीत कर्बही आपोआप वाढायला नको का?

उत्तर : तर्क चुकीचा नाही. सोयाबीन, कापूस, तूर या पिकांना वाढत्या कर्बवायूचा काही फायदा होतो; ज्वारी, मका आणि ऊस यांना तो फारच कमी होतो. परंतु वाढीसाठी पाणी, नत्र आणि स्फुरदही लागते, आणि ते जिथे तोकडे पडते तिथे हा फायदा थांबतो. त्यातच रात्री उष्ण राहिल्या की दिवसा तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा पीक श्वसनात खर्च करते. आपोआप काही होईल असे गृहीत धरू नये.

प्रश्न : ऊस तुटल्यावर पाचट जाळले नाही तर खोडव्याला पाणी देता येत नाही, उंदीर होतात आणि फुटवा दबतो. एका काडीत काम होते. न जाळण्याने नेमका किती फायदा होतो?

उत्तर : एकरी साधारण तीन ते चार टन पाचट निघते आणि त्यात 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो, म्हणजे एकरी 1,000 किलोंहून अधिक. वरच्या उत्तरातील शेणखताच्या तीन ट्रॉल्या आपण एका काडीत हवेत सोडता, आणि त्यासोबत एकरी 15 ते 20 किलो नत्रही जाते. आपल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. पाचट एकआड एक सरीत दाबून बसवले तर मोकळ्या सरीतून पाणी देता येते. कुट्टी यंत्राने बारीक केले तर ते लवकर बसते आणि कुजते. बुडखे जमिनीलगत छाटून त्यांवरील पाचट बाजूला सारले की फुटवा दबत नाही. कुजण्यासाठी प्रति टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन ओलीवर टाकावे. युरिया वगळू नये, कारण पाचटात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असल्याने सूक्ष्मजीव ते जमिनीतून ओढतात, खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटाला दिला जातो. उंदरांचा बंदोबस्त गावाने एकत्र केला तरच होतो. एकट्याच्या शेतात केलेला उपाय आठवडाभरही पुरत नाही.

प्रश्न : एका कंपनीचे प्रतिनिधी गावात येऊन कार्बन क्रेडिटचे करार करून घेत आहेत. जमिनीत कर्ब वाढवला की पैसे मिळतील असे सांगतात. सही करावी का?

उत्तर : केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठीची चौकट जानेवारी 2024 मध्ये जाहीर केली आहे, तेव्हा कल्पना बनावट नाही. पण हिशेब स्वतः करून पाहावा. कर्ब 0.1 टक्क्याने वाढणे म्हणजे एकरी 800 किलो कर्ब, अर्थात प्राणवायूचे वजन धरून सुमारे तीन टन कर्बवायू, आणि एक क्रेडिट म्हणजे हवेत जाऊ न दिलेला किंवा साठवलेला एक टन कर्बवायू. चांगली शेती करून हे साधायला आठ-दहा वर्षे लागली आणि क्रेडिटला 1,000 रुपये मिळाले असे समजले, तरी ते एकरी वर्षाला सुमारे 300 रुपये होतात, तेही मोजणी, पडताळणी आणि कंपनीचा वाटा वजा होण्यापूर्वी. झाडे लावणे किंवा भातखाचरातील पाणी व्यवस्थापन यांवर आधारलेल्या योजनांचे गणित वेगळे असते, हे लक्षात ठेवावे.

करार किती वर्षांचा आहे, त्या काळात जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय होईल, दुष्काळामुळे किंवा नांगरट करावी लागल्यामुळे साठलेला कर्ब घटला तर मिळालेले पैसे परत मागता येतात का, आणि मोजणी प्रत्यक्ष माती तपासून होणार की केवळ संगणकी अंदाजावर, हे चार मुद्दे मराठीतील लेखी प्रतीत स्पष्ट नसतील तर सही करू नये. तापत्या हवामानात जमिनीतील कर्ब टिकवण्याची हमी देणे शेतकऱ्याच्या पूर्ण हातात नाही, म्हणून तिसरा मुद्दा सर्वांत बारकाईने वाचावा. कराराची प्रत सहीपूर्वी तालुका कृषी कार्यालयात घेऊन आलात तर आपण ती एकत्र बसून वाचू. येताना गेल्या दोन वेळच्या मृदा आरोग्य पत्रिकाही आणाव्यात.