पाणी ओतून देऊ नकोस

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला. त्यात चार मिनिटं एमपीएससी, घरचे आणि गाईड काय म्हणाले तेच आहे, आणि अगदी शेवटी हळूच एक वाक्य, की टबातल्या दोन गोल्डफिशच्या गालांवर पांढरे ठिपके आले, ते तिसऱ्या जाडीच्या मागे लागले, तू घाबरून निळं औषध टाकलंस आणि सकाळी सगळं पाणी गच्चीच्या मोरीत सोडलंस. अगं, सहा मिनिटांत कामाचं वाक्य तेवढंच होतं!

एमपीएससी द्यायची तर दे, त्यावर मी बोलणार नाही. पण पाणी का ओतलंस?

तो रोग नव्हता. इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, असता तर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके अंगभर, शेपटीवर दिसले असते. फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पराच्या कडेला आले, बोटाला खरखरीत लागले, की समजायचं नर तयार झालाय. दुकानात तीस वर्षं रोज हेच सांगतोय, तरी लोक औषधाची बाटली घेऊनच जातात. आणि ती 'जाडी' म्हणजे अंडी भरलेली मादी. थंडी ओसरली, पाणी कोमट झालं, वर पाणवनस्पती, सगळं जुळून आलेलं, आणि तू मोरी उघडलीस.

आता त्या पाण्यात काय होतं ते ऐक. अंडी सोडायच्या आधीच्या रात्री मादीच्या अंगात १७,२०-बीटा-पी नावाचं स्टेरॉइड वाढतं. ते तिच्या स्वतःच्या अंड्यांना पिकवण्यासाठी असतं, नराला निरोप पाठवावा म्हणून नाही. पण ते पाण्यात झिरपतं आणि नर हुंगतो. किती कमी हुंगतो? एक ग्रॅम घे आणि साधारण तीनशे कोटी लिटर पाण्यात मिसळ, तरी नराच्या नाकाला कळतं. गंगापूर धरणाच्या भिंतीवर उभी राहून एकदा याचा विचार कर. वास लागला की नराच्या मेंदूखालच्या पिट्युटरीतून हार्मोन सुटतं आणि पहाटेपर्यंत त्याच्यात मिल्ट, म्हणजे दुधासारखं वीर्य, भरपूर साठतं. मग अंडी सुटली की मादीच्या लघवीतून प्रोस्टाग्लँडिन नावाचं दुसरं रसायन जातं, त्याचा वास आला की काही मिनिटांत पाठलाग सुरू. म्हणजे एक वास रात्री तयारी करून घेतो, दुसरा सकाळी पळायला लावतो. हे सगळं १९८०च्या दशकात नॉर्मन स्टेसी आणि पीटर सोरेन्सन यांनी कॅनडात दाखवलं.

माशाचं नाक म्हणजे काय, तर डोळ्यांपुढे दोन छोटे खळगे, पुढच्या भोकातून पाणी आत, मागच्यातून बाहेर, मध्ये फुलाच्या पाकळ्यांसारख्या घड्या. घशाशी, श्वासाशी काही संबंध नाही. आणि त्या नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटाही वेगळ्या, खाण्याच्या वासाची बाहेरच्या अंगाने, या वासाची आतल्या अंगाने. आतली तोडली तर नराचं मादीत फारसं लक्ष राहत नाही. तू मात्र टबाकडे डोळ्यांनी बघतेस, आणि मासा राहतो पाण्यात. म्हणून म्हणतो, पाणी ओतू नकोस.

मी हे इतकं तावातावाने का सांगतोय? कारण १९८४ला मीही ओतलं.

एमएस्सीला होतो. आमच्या गाईडना इंजेक्शनशिवाय काही पटत नसे, त्यांचंही चूक नव्हतं म्हणा, १९५७च्या १० जुलैला ओडिशातल्या अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी पिट्युटरीचा अर्क टोचून कार्प माशांची पैदास केली, त्यावर आपली अख्खी मत्स्यशेती उभी आहे. पण मी एकदा आळसाने मादीच्या टबातलं बादलीभर पाणी नराच्या टबात ओतलं, प्लास्टिकच्या बादलीने, आणि सकाळी नराचं पोट हलकं दाबलं तर मिल्टची धार. शेजारच्या टबातल्या नराला थेंबसुद्धा नाही. गाईड म्हणाले, परत करून दाखव. मी लगेच, नीट करायचं म्हणून, आजीच्या तांब्याच्या हंड्यात मादीचं पाणी रात्रभर साठवलं. आपण नाशिककर, तांबं-पितळ म्हणजे शुद्धच! सकाळी नराच्या टबात ओतलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काही नाही. गाईड हसले, मी पाणी ओतून दिलं, वहीतलं पानही फाडलं.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की लिटरमागे काही मायक्रोग्राम तांबं विरघळलं तरी माशाचं नाक बधिर होतं. द्राक्षबागेत मोरचूद मारतात, तेच तांबं. माझ्या हंड्यात काय झालं असेल ते तूच समज. समज म्हणतोय, कारण पुरावा नाही. पाणी नव्हतंच ना ठेवलेलं.

लोक म्हणतात मी रिसर्च सोडून पळालो आणि नाशिकरोडला ॲक्वेरियमचं दुकान टाकलं. पळालो नाही. घर चालवायचं होतं, आणि सगळे मासे आहेत की माझ्यापाशी. पण 'मला आधी दिसलं होतं' असं मी पार्ट्यांमध्ये सांगतो तेव्हा बायको माझ्याकडे बघते, आणि तिचं बरोबर आहे, दिसलं म्हणजे शोधलं नव्हे. शोधायला पाणी ठेवावं लागतं.

तर आता कर असं. तीन टब, नर दोन, वेगळे, मादी दोघांनाही दिसायला नको. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन घालव. फिल्टरमधला कार्बन काढ, तो वास शोषून घेतो. मादी तयार वाटली की रात्री तिच्या टबातलं एक लिटर एका नराला, तेवढंच साधं पाणी दुसऱ्याला, सकाळी सहाला दोघांचं मिल्ट मोज. उरलेलं पाणी छोट्या डब्यांत, फ्रीजरमध्ये, तारीख लिहून. आई ओरडली तर ओरडू दे. एका रात्रीत नाही जमलं तर पुढच्या मादीला कर, आणि तेव्हाही ओतू नकोस, गाईड हसले तरी, मी हसलो तरी.

रविवारी सकाळी दुकानात ये, दोन नर देतो, पैसे नकोत. बादली प्लास्टिकची आण. तांब्याचा तो हंडा अजून आहे माझ्याकडे, गल्ल्याजवळ, त्यात मनीप्लँट लावलाय.